जर, तर

सम्यकने परवा माझ्या फोनला नियम शिकवले.
एका ओळीत जर, दुसऱ्या ओळीत तर,
आणि खाली एक चौकोन रिकामाच: नाहीतर.

जर बस्तीत पाऊल पडलं, तर मुका.
जर रक्तपेढीचं वायफाय लागलं, तर नुसती थरथर.
जर रात्रीचे अकरा वाजून गेले, तर कुणीही नको,
फक्त रक्तपेढी, आणि तीही ओ निगेटिव्ह हवं असेल तरच.
तो हसला. "आत्या, त्याला रक्तगट नाही कळत. नंबर कळतो."

नकाशावर मिरजेच्या दवाखान्याभोवती
त्याने निळं वर्तुळ ओढलं, त्रिज्या दोनशे मीटर.
आत शिरलीस की आपोआप, म्हणाला.

आपोआप.

खणभागातल्या आमच्या घरालाही वर्तुळ होतं,
बोळाच्या तोंडापासून न्हाणीपर्यंत.
आप्पांच्या सायकलचा स्टँड फरशीवर खाड् वाजला
की ट्रान्झिस्टर दोनवर,
दादाची सोंगटी कॅरमच्या भोकाच्या काठावरच अडायची,
अक्का गुणगुणत असेल ते पातेल्यात बुडायचं,
आणि मोठ्याने बेरीज करणारी मी
ओठांतल्या ओठांत हातचा धरायचे.
"गप्प बसा" असं ते कधी म्हटल्याचं आठवत नाही.

दिवसभर यार्डात, हळदीच्या सौद्यांवर.
रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची.
हजारोंचा भाव ठरायचा, तोंडातून शब्द नाही.
कानांच्या पाळ्यांपर्यंत पिवळे होऊन यायचे,
दिवस मावळायच्या आत जेवायला बसायचे,
आणि ताटावरही तीच भाषा:
एक बोट म्हणजे भाकरी, तळहात म्हणजे पुरे.
अक्का बरोबर वाचायची.
तिची बोटं कुणी वाचली का,
ते विचारायचं राहून गेलं.

आता आप्पा माझ्याकडे, विजयनगरला.
उजवा कान गेला, डावा जायच्या बेतात.
टीव्ही साठावर.
पहाटे पाचला फोनवर प्रवचन, मग उसाचा दर,
मग गुडघेदुखीवर कुणाचा तरी रामबाण उपाय,
सगळ्या मजल्यांचे गुडघे बरे व्हावेत इतक्या आवाजात.
हुक्केरीबाई दोनदा येऊन गेल्या.
दुसऱ्यांदा चहाही घेतला नाही.

म्हणून सम्यकला हळूच म्हटलं,
यांच्याही फोनला लाव ना एक.
जर रात्री दहा ते सकाळी सात, तर आवाज तीन.

पहाटे उठून बघते तर आप्पा
फोन तळहातावर आपटत होते,
बंद पडलेल्या बॅटरीसारखा.
कानाला लावायचे, परत आपटायचे.
"बिघडला गं. कालपर्यंत नीट होता."
मी चहा गाळत होते, गाळतच राहिले.

संध्याकाळी तो नियम काढला.
त्या जागी दुसरा टाकला, माझा मीच, चाचपडत:
जर माझा फोन आला, तर उजेड.

काल यायला साडेनऊ झाले.
दोन पिशव्या सोलापूरला पाठवायच्या होत्या,
गाडीवाला वेळेत आला नाही.
गल्लीच्या तोंडाशीच बातम्या ऐकू येऊ लागल्या,
कुठल्याशा धरणातला विसर्ग, क्युसेकसकट.
फाटकापाशी स्कूटर वळवली, स्टँड लावला.
खाड्.

आवाज उतरू लागला.
साठ, चाळीस, बावीस,
दोन.

खिडकीतून दिसत होते,
रिमोट दोन्ही हातांनी धरून
दाराकडे तोंड करून बसलेले.

स्टँड त्यांना ऐकू जात नाही.
गाडीचा दिवा भिंतीवरून सरकला असेल, तेवढाच.

हा नियम सम्यकने लावलेला नाही.

मी दिवा मालवला.
स्कूटर हातानेच ढकलत मागे नेली, कोपऱ्यापर्यंत,
आणि बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानापुढे
उभी राहिले,
धरणाचं पाणी पुन्हा साठावर येईपर्यंत.